आठवीपुढचं ताट

मी डाव बोलतोय. पत्त्यांचा नाही, राजकारणातला तर नाहीच नाही. वरण वाढायचा डाव. जबलपुरात मला करछुल म्हणणारेच जास्त. पण मालनबाईंच्या हातात असलो की मी डाव असतो.

एका भांडेवाल्याच्या दुकानात माझा जन्म झाला. मोठ्या पातेल्याचं एक झाकण वाकलं होतं. त्यातून त्यानं माझी वाटी ठोकून काढली आणि तिला हातभर लांब लोखंडी दांडा जोडला. म्हणजे मी झाकणाच्या पोटचा. पण झाकणं मला कधी जमलं नाही. तळाशी आहे ते वर काढायचं, हाच माझा धंदा. तेव्हा आज जरा तिखट बोललो तर रागावू नका.

पहिली बारा वर्षं मी सराफ्याच्या गल्लीत, भय्यासाहेबांच्या खानावळीत काढली. शाळा पाहिली नाही, पण माणसं कशी वागतात ते तिथं फुकटात शिकलो. एक किस्सा सांगतो. समोर एका सोनाराची पेढी होती. बरोबर बाराच्या ठोक्याला काम थांबायचं आणि त्याचे चार कारागीर आमच्याकडे जेवायला यायचे, मालकाच्या खर्चानं. एकदा भय्यासाहेबांनी त्याला छेडलं, "काय शेठजी, मोठे दयाळू झालात!"

"दया कसली, भैया?" शेठ म्हणाला. "भुक्या पोटी हात थरथरतो. हात थरथरला की सोनं सांडतं. मी माझं सोनं वाचवून राहिलो."

'दया' हा शब्द मी त्या दिवशी सोडून दिला. जेवण हा कामाचा भाग आहे, हे मला एका सोनारानं शिकवलं.

भय्यासाहेब थकले आणि खानावळ बंद झाली. मालनबाई तिथं स्वयंपाकाला होत्या. जाताना भय्यासाहेबांनी विचारलं, "मालनबाई, काय नेता?" त्या म्हणाल्या, "हा डाव द्या. हाताला सवय झाली आहे याची." जबलपूरच्याच रांझी वस्तीला जाणाऱ्या बसमध्ये माझा दांडा पिशवीतून वर आलेला पाहून कंडक्टर म्हणाला, "अम्मा, इसका भी टिकट लगेगा!" मालनबाई म्हणाल्या, "हाफ टिकट काट, भैया. अभी स्कूल जाता है."

आणि खरंच, मी शाळेत गेलो.

रांझीतल्या एका सरकारी शाळेत दुपारचं जेवण बायकांचा एक समूह रांधतो. मालनबाई त्यांच्यातल्या मुख्य. तुरीचं वरण, पोळी, कधी पालक, कधी लाल भोपळा. स्वयंपाकघरामागे शेवग्याचं झाड आहे. त्याचा पाला मालनबाई वरणात असा सोडतात की पोरांना पत्ता लागत नाही. समूहातली एखादी कधी म्हणते, "थोडं पाणी घाला ना दीदी, पुरून जाईल." मालनबाईंचं उत्तर ठरलेलं: "पाणी नळाला आहे. वरणात वरण राहू दे." आधी एक शिक्षक चाखतात, रजिस्टरवर सही करतात, मग पंगत बसते.

फाटकाबाहेर उभे राहून काही शहाणे म्हणतात, "फुकटचं खाऊन राहिले." मी विचारतो, फळा कोणी विकत घेऊन येतो का घरून? बाक घेऊन येतो? खिडकीतला उजेड? ते सगळं शाळेचं, आणि वरण तेवढं फुकटचं? कसं काय बुवा?

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. आमचं जेवण पहिली ते आठवी. शाळा मात्र दहावीपर्यंत. इमारत एक, मधल्या सुट्टीची घंटाही एक. आठवीपर्यंतचे ताट घेऊन माझ्याकडे येतात आणि नववी-दहावीचे नळावर जातात. इमारतीच्या मागून लांबचा फेरा घेऊन जातात, म्हणजे फोडणीचा वास येऊ नये. डबा आणणारे आहेत, नाही असं नाही. न आणणारे जास्त.

आता नर्मदाची गोष्ट. मागच्या वर्षी ती आठवीत होती. आई सकाळी सहालाच धुणीभांडी करायला निघते. घरची चूल पेटते ती एकदम संध्याकाळी. गणितात पोरगी अशी तेज, की आज किती जण हजर हे कळलं की डाळ किती भिजवायची हे ती मालनबाईंच्या आधी सांगायची. आणि या पोरीनं आठवीच्या परीक्षेत गणिताचा पेपर कोरा दिला.

मुख्याध्यापिका यामिनी मॅडमनी तिला बोलावलं. मालनबाई वरणाची चव द्यायला तिथं गेल्या होत्या, म्हणून मीही होतो.

"एक सवाल नाही सोडवला? तू?" मॅडम म्हणाल्या. "बिमार होतीस का?"

"नाही, मॅडम."

"पेपर अवघड होता?"

"नाही. सगळा येत होता."

"मग काहून गं, बाई?" मालनबाईंना राहवलं नाही.

नर्मदा जमिनीकडे बघत म्हणाली, "पास झाली असती तर नववीत गेली असती, मावशी."

"मग जायचंच ना नववीत!"

"नववीत जेवण नाही ना."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. माझ्यातलं वरण ऑफिसच्या फरशीवर ठिबकत होतं, पण मला कोणी रागावलं नाही.

बघा काय हिशेबी डोकं! पुढचा वर्ग एका पारड्यात, दुपारचं ताट दुसऱ्या पारड्यात. आणि ताट जड भरलं. चूक पोरीची नव्हती. तिच्यापुढे तराजू मांडणाऱ्यांची होती.

मॅडमनी समजावलं की पुरवणी परीक्षा आहे, अजून वर्ष वाचेल. नर्मदानं मालनबाईंकडे पाहिलं. "लिहीन. पण नववीत मला वाढशील का?"

"वाढीन."

"मालनबाई, नियम..." मॅडम पुटपुटल्या.

"नियम तुमचा, मॅडम. शब्द माझा."

नर्मदानं पेपर लिहिला, पास झाली, नववीत आली. मालनबाईंनी शब्द पाळला, पण छोट्यांच्या वाट्यातला थेंबही घेतला नाही. मोहल्ल्यातल्या आया मूठमूठ डाळ देऊ लागल्या. मॅडमनी आपल्या घरचं एक पातेलं आणलं. एकट्या नर्मदाला कसं वाढणार? नववी-दहावीच्या सगळ्यांनाच बोलावलं. पहिल्या दिवशी मोठी पोरं लाजून उभी होती. चौथ्या दिवशी धक्काबुक्की करू लागली. मला बरं वाटलं.

मग तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब, अनुपमजी आले. घराणं मराठ्यांच्या काळापासून इथलं. मराठी कळते, बोलताना अडखळते. रांगेत मिसरूड फुटलेली पोरं पाहून त्यांनी भुवया चढवल्या.

"ये क्या चल रहा है, मालनबाई?"

"वाढून राहिली, साहेब."

साहेब हसले. "इस उमर में? तुम्ही अजून वाढून राहिल्या?"

रांगेत खसखस पिकली. मालनबाईही हसल्या. मग माझा दांडा नर्मदाकडे करून म्हणाल्या, "मी वाढून राहिली म्हणून ही वाढून राहिली. हिंदीत परोसना वेगळं, बढना वेगळं. आपल्यात दोन्हीला एकच शब्द आहे, साहेब. तुमच्या घरात पण तोच असेल."

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "लेकिन आदेश आठवी तक का है. असं करा, मोठ्यांना बिस्किटाचे पाकीट वाटा. झंझट खत्म."

"तुम्ही दुपारी काय खाता? बिस्किट?"

साहेबांनी ताट घेतलं, पोरांमध्ये मांडी घालून बसले आणि वरण दोनदा मागून घेतलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'स्वाद उत्तम.' आठ दिवसांनी कागद आला: शाळेच्या स्वयंपाकघरात आठवीच्या पुढे कोणालाही वाढू नये. सही त्यांचीच. वरण आवडणं आणि वरणासाठी भांडणं यात किती अंतर असतं, ते मला तेव्हा कळलं.

आता मी गुळगुळीत झालोय. वाटीची एक कड झिजलीय, दांडा दोनदा जोडलाय. पण हात जोडून विनंती करायचा माझा स्वभाव नाही. मला हातच नाहीत, दांडा आहे. सरळ सांगतो. मोहल्ल्याची मूठमूठ डाळ हा तोडगा आहे, उत्तर नाही. आया आज देतील, उद्या त्यांच्याच घरची डाळ संपेल. शाळेत जितके वर्ग, तितक्यांना ताट द्या. गरीब कोण, हे विचारू नका. विचारलंत की स्वाभिमानी पोरं नळावर जातात. ताजं द्या, दाट द्या, पालेभाजीसकट द्या. आणि कृपा करून याला दया म्हणू नका.

काल तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला गेला. घंटा झाली. नर्मदा ताट घेऊन आली, कागद वाचला आणि तशीच मागे वळली.

"काहून परत चालली गं?" मालनबाईंनी आतून हाक मारली.

"लिहिलंय ना मावशी, आठवीपर्यंतच."

"ते तू वाचलंस. माझा डाव अनपढ आहे. आण ताट."

त्यांनी मला पातेल्याच्या तळापर्यंत बुडवलं.