मोटारसायकलसाठी काढून ठेवलेली सीट

मी व्हॅनची मागची सीट बोलतेय. व्हॅन तिकडे गेटजवळ उभी असते आणि मी इकडे जिन्याखाली, विजेच्या मीटरांकडे तोंड करून. गाडी तिथे आणि सीट इथे, हे कसं झालं ते सांगते. घाईत असाल तरी टेका जरा. बसायलाच तर आहे मी.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. स्पंज, रेक्झिन आणि शिवणयंत्राचा खडखडाट, एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते या घरी. बाबा नळाची कामं करतात, तेच गाडी चालवायचे. त्यांच्या शेजारी मुलगी, कारण मागे बसलं की तिला म्हणे मळमळायचं. मला विचाराल तर मळमळ वगैरे काही नव्हती, पोरीला पुढचा रस्ता बघायचा होता. आणि मागे माझ्यावर, डाव्या खिडकीशी, आई.

दुसऱ्याच्या घरात डोकावू नये म्हणतात. पण खिडकी असली की कोण थांबतंय? कुणाच्या गच्चीत काय वाळत घातलंय, कुठल्या दुकानाची पाटी बदलली, सगळं आम्ही दोघी बघायचो. आई बोलत राहायची. पुढचे दोघं नुसतं "हं" करायचे. ऐकायचे ते मी.

मग मुलीनं मोटारसायकल घ्यायची ठरवली. तिला हवा तो रंग फक्त पलीकडच्या शहरातल्या दुकानात होता. "मी चालवत आणते," ती म्हणाली.

"नवी गाडी, नवा हात आणि तो ट्रकांचा रस्ता? नाही. व्हॅनमध्ये घालून आणू," बाबा म्हणाले.

सकाळी त्यांनी पाना घेतला, माझे बोल्ट काढले आणि मला उतरवून इथे जिन्याखाली ठेवलं. बापलेकीनं फूटपट्टी लावून लांबी मोजली, रुंदी मोजली, हँडल कसं वळवायचं तेही ठरवलं. तेवढ्यात आई जिना उतरून आली. चांगली साडी नेसलेली, हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली.

बाबांनी रिकाम्या गाडीकडे पाहिलं, मग आईकडे. मोजमापात आई कुणी धरलीच नव्हती.

"तू जाताना मागे खाली बसशील का?" त्यांनी विचारलं.

"जाताना बसेन. येताना काय, मोटारसायकलच्या मांडीवर बसू?"

मुलगी हसली. आईही हसली. "जा तुम्ही, माझी कामं पडलीत," असं म्हणाली आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर माझ्यावर येऊन बसली. डाव्या कोपऱ्यात. पिशवी मांडीवर. बराच वेळ ती तशीच बसली होती, जणू गाडी चाललीये. समोर मात्र मीटर.

वरच्या शिलाईवाल्या वहिनी खाली आल्या. "काय हो, इथे काय करताय?"

"मुलीची गाडी आणायला गेलेत," आई म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मी सीट सांभाळतेय."

परत आले तेव्हा व्हॅनचं मागचं दार अर्धं उघडंच, दोरीनं बांधलेलं. आत जुन्या चादरीत गुंडाळलेली मोटारसायकल. बाबांनी म्हणे दुधाचं भांडं न्यावं तशी गाडी चालवली, आणि मुलगी वाटभर मागे वळून तिच्यावर हात ठेवून होती. हे सगळं ऐकीव. मी कुठे होते तिथे? माझ्या जागेवर तर ती होती.

फळी लावून तिला उतरवलं. "हळू बाबा, हळू!" आजूबाजूचे सगळे जमले. कुणी आरसा पुसला, कुणी हॉर्न वाजवून बघितला. "सीट उद्या बसवतो," बाबा म्हणाले.

उद्या त्यांना कामावर जायचं होतं. मागे मोकळं असल्यामुळे लांब पाइप छान मावले. परवाही मावले. गरज सरो नि वैद्य मरो, म्हणतात ना.

मग मुलीला त्या पलीकडच्या शहरातच नोकरी लागली आणि ती मोटारसायकल घेऊन तिकडेच राहायला गेली.

"अहो, सीट बसवा ना," आई एकदा म्हणाली.

"कशाला? आता आपण दोघंच. तू पुढे बस की राणीसारखी."

"आणि ती आली म्हणजे?"

"ती तिच्या गाडीवर येईल."

 मला तेव्हाच कळलं. तिघं असली तरच मागची सीट लागते.

आता माझ्यावर मांजर झोपतं. शेजारीपाजारी बुटाच्या नाड्या बांधायला पाय ठेवतात. एका कडेचा स्पंज बाहेर आलाय. परवा सोसायटीनं जिन्याखालची अडगळ काढायला सांगितली. बाबांनी भंगारवाल्याला रविवारी बोलावलं.

"ती भंगार नाहीये," आई म्हणाली.

"मग काय आहे?"

आईनं माझा बाहेर आलेला स्पंज बोटानं आत दाबला.

आज रविवार. सकाळीच मुलगी आली. हँडलला दुसरं हेल्मेट अडकवलेलं होतं. "आई, चल. मागे बस."

"पडेन गं मी."

"मला धरून बस. पडत नाहीस."

आई बसली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. खोटं कशाला बोलू, लागलं मनाला. पण चेहरा बघण्यासारखा होता तिचा.

आवाज विरेपर्यंत बाबा गेटशी उभे होते. मग इकडेतिकडे पाहत आले आणि माझ्यावर बसले. इतकी वर्षं हा माणूस माझ्याकडे पाठ करून बसला. आज पहिल्यांदाच त्याचं वजन कळलं. वाटलं होतं त्यापेक्षा हलकं निघालं.

"इथून दिसायचं तरी काय तिला?" ते पुटपुटले.

तुमचं डोकं, बाबा. मागून. केस विरळ होत गेले ते तुमच्या आधी आम्हा दोघींना कळलं.

तेवढ्यात भंगारवाला हातगाडी ढकलत आला. "साहेब, हीच ना सीट?"

"हीच."

"मग उचलू?"

बाबा सरकून डाव्या कोपऱ्यात गेले, नीट टेकले.

"थांब जरा," ते म्हणाले. "बसलोय ना मी."