बॅटऱ्या खाणारी बास गिटार

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे. कोरियातल्या इंचॉन शहरातल्या एका चर्चमध्ये ड्रमशेजारी उभी असते. माझ्या तारा चारच, पण जाड. मी वाजत असताना माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. थांबले की मात्र गाणं पोकळ वाटू लागतं.

याच शहरातल्या कारखान्यात मी घडले. तारांखाली दोन पिकअप बसवले. त्यांच्या आत चुंबक आणि बारीक तारेची वेटोळी असतात. माझी तार थरथरली की ते ती थरथर विजेत उतरवतात. ही वीज फार नाजूक, लांब केबलमधून जाताजाताच मलूल व्हायची. म्हणून माझ्या पोटात एक चिमुकला प्रीॲम्प आहे. तो तिला निघतानाच बळ देतो. खर्ज वाढवायचा की वरचा सूर, हेही माझ्याच बटणांवर ठरतं. अशा गिटारला ॲक्टिव्ह म्हणतात. या सगळ्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. ती संपली की मी मुकी.

मला बोराम वाजवायची. मग दोयुल जन्मला, आणि ती रडक्या बाळांच्या आयांसाठी मागे असलेल्या काचेच्या खोलीत बसू लागली. तिथूनही तिची बोटं मांडीवर माझा ताल धरायची. मला दिसायचं ते.

वर्षाने ती परतली, आणि माझाच घसा बसला! पहिलं गाणं बरं जाई, दुसऱ्यात आवाज फाटे, तिसऱ्यात मी गप्प. गाणी संपली की नवी बॅटरी घालायची, तरी पुढच्या रविवारी हेच.

"दोयुलची आई, ही गिटार बॅटऱ्या खाते," ड्रमवाले गिप्योभाऊ म्हणाले. तेच गायकांचे प्रमुख. "म्हातारी झाली. ईस्टरपासून खर्ज कीबोर्डवर वाजवू. तुम्हीही जरा बाळाकडे बघा."

"बाळाला बाबाही आहेत, भाऊ." बोराम जागची हलली नाही. "एक रविवार द्या. नाही वाजली, तर मीच हिला माळ्यावर ठेवते."

तिने नवी बॅटरी घातली, केबल उपसली आणि दोनदा तपासलं. केबल खोचलेली असली की कुणी वाजवो न वाजवो, प्रीॲम्प जागा राहतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग बॅटरी जाते कुठे? मला माहीत होतं, पण सांगणार कशी?

सगळे तळघरात नूडल्स खायला पळाले. बोराम गेली नाही. काचेच्या खोलीत बाळाला पाजत ती माझ्याकडे बघत बसली.

फडकं घेऊन चर्चची झाडपूस करणाऱ्या माल्सुन आजी आल्या. मला मानेपासून पायापर्यंत पुसलं. मग केबल उचलली आणि हलकेच माझ्यात खोचली.

"आजी!" बोराम धावत आली. "हे तुम्ही करता?"

"मग! भोक उघडं टाकता तुम्ही. केवढी धूळ जाते! तू वर्षभर नव्हतीस, तेव्हापासून नातीसारखी जपते मी हिला."

बोरामने केबल अलगद उपसली. "आजी, दोयुल झोपला की आपण दिवा घालवतो ना? ही केबल म्हणजे हिचा दिवा."

आजी मटकन बाकावर बसल्या. "म्हणजे आठवडाभर मी पोरीला झोपूच दिलं नाही? ओरड गं मला!"

"ओरडत नाही. पण धुळीचं तुमचं खरंच आहे."

"औषधाच्या बाटलीचं रबरी बूच चालेल?"

"धावेल!" बोराम हसली.

आजी तरातरा तळघरात गेल्या. त्यांचा आवाज वरपर्यंत आला, "गिप्यो, बॅटऱ्या गिटारने नाही, मी खाल्ल्या! म्हातारी मी आहे, ती नाही!"

पुढच्या रविवारी पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला बोरामने ओठ घट्ट मिटले. मीही ठरवलं होतं, आज फाटायचं नाही. तार थरथरली आणि बाकं घुमली. काचेपलीकडे बाबांच्या कडेवरचा दोयुल काचेला तळवे लावून नाचू लागला. गिप्योभाऊंनी चौथं गाणं खुणेनेच सुरू केलं.

मित्रांनो, माझी झोप मोडली ती मायेनेच. म्हणून एवढंच मागते. आम्हा वस्तूंना जरूर जपा. पण जपण्याआधी आम्हाला काय लागतं, ते एकदा समजून घ्या.