पाडव्याची विंडोज

रुद्रय्यांनी पेनड्राइव्ह ताम्हणात ठेवला, त्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि वरून पळीभर पंचामृत सोडलं. पूर्वी नव्या वहीवर फुलानं नुसतं शिंपडावं लागे, कागद भिजायची भीती असे. ही वस्तू प्लास्टिकची, म्हणून त्यांनी हात सैल सोडला होता. दुकानातल्या वह्या बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी लक्ष्मीपूजनाचा पाट तसाच मांडला जाई. वहीच्या जागी आता संगणक बसे. त्याच्या पडद्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले होते आणि कीबोर्डच्या दोन्ही अंगांना झेंडूची फुलं होती.

"त्याला पाणी चालतंय व्हय?" रत्नव्वांनी विचारलं.

"साक्षात लक्ष्मीला चालतंय, आन त्याला काय धाड भरलीया?"

रत्नव्वा वाती वळू लागल्या. नवरा पूजेला बसला की त्याला शिकवायला जाऊ नये, एवढं त्या संसारात शिकल्या होत्या.

पेनड्राइव्ह पुण्याहून कुरिअरनं आला होता. मुलानं, रुद्रेशनं, त्यात नवी विंडोज घालून पाठवली होती. या विंडोजची वाट रुद्रय्यांचं दुकान किती वर्षं बघत होतं ते विचारू नये. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत त्यांचा मिरचीचा व्यापार. संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी अशी पोती थप्पीला लागलेली. तिथं माणूस टिकतो हेच नवल, तर संगणकाची काय कथा. मागे राजारामपुरीतला एक दुरुस्तीवाला आला होता. त्यानं संगणकाचा डबा उघडला, आतल्या धुळीचा भपकारा नाकात गेला आणि तो जो शिंकत सुटला तो पान्हे गोळा करून थेट रस्त्यावर. त्यानंतर तो फोनवरच सल्ला द्यायचा, "मालक, खटारा झालाय, बदला."

जुन्या विंडोजचा हात तिच्या कंपनीनंही कधीच सोडला होता. कर भरायची साइट आधी रुसली, मग उघडेनाशी झाली. आता हिशेबाचं सॉफ्टवेअरही रोज सकाळी बजावू लागलं होतं, की यापुढे या मशीनवर आम्ही चालणार नाही. रुद्रेश म्हणायचा, अप्पा, एक रविवार द्या, होऊन जाईल. पण रुद्रय्यांचा हट्ट एकच. हिशेबाचं घर मधेच बदलायचं नाही. वही बदलते पाडव्याला, तर विंडोजही पाडव्यालाच. मग एका पाडव्याला नेट मेलं. पुढच्या पाडव्याला निम्मं काम झालं आणि लाइट गेली. त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीनं रुद्रेशला नेमकं तेव्हाच चेन्नईला धाडलं. पोती तोलणारा केरबा एकदा म्हणाला होता, "आमच्या भाच्याचं लगीनबी एवढं रखडलं न्हवतं, मालक."

रुद्रय्या त्यावर हसले होते, पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यांना पक्की ठाऊक होती. त्यांना घाई नव्हती.

रुद्रेशनं चार वर्षांपूर्वी मोनाशी लग्न केलं. मोना इथलीच, कसबा बावड्याची, दोघं एकाच कॉलेजात. पण ती पडली मराठ्यांची, आणि त्यांच्या घरी रविवारी तांबडा-पांढरा रस्सा. रुद्रय्यांच्या लिंगायत घरात कांदा चिरतानासुद्धा वार बघत. "कर लगीन, मला बोलवू नको," असं ते रागात म्हणाले. मुलगा बापाच्याच वळणावर गेलेला, त्यानं शब्द खरा धरला आणि बोलावलं नाही. त्यानंतर तो कोल्हापूरला आला नाही. रत्नव्वा दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्तानं त्याच्याशी फोनवर बोलत. कपडे वाळायला इतका वेळ का लागतो, हे रुद्रय्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांचं स्वतःचं बोलणं सुरू झालं ते संगणकामुळे. लग्नानंतर महिन्याभरात तो अडकला आणि बिलं थांबली. नाइलाजानं त्यांनी फोन लावला. रुद्रेशनं पडद्यावरचे आकडे विचारले, यांनी वाचून दाखवले, आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला. तिकडे पुण्यात बसून पोरगं इथलं दुकान सावरत होतं. रुद्रय्या हात मांडीवर ठेवून बघत राहिले. बाण जिथं दाबायचं तिथं आधी दोनदा गोल फिरायचा, मग दाबायचा. म्हणजे म्हाताऱ्याला कळावं, पुढच्या वेळी स्वतःला करता यावं. लहानपणी या पोराला चपलेचा बंद बांधेपर्यंत दम नसायचा. आता केवढा शहाणा झाला, असं त्यांना वाटलं आणि डोळे भरून आले. ते त्यांनी मिरचीवर ढकललं.

तेव्हापासून दोघं फक्त संगणकावर बोलत.

"तिकडं नेट बरं हाय न्हवं?" रुद्रय्या विचारत.

"बरं हाय, अप्पा. तुमच्याकडं?"

"चाललंय. पावसाळ्यात जरा तटतंय, मधेच अडकतंय."

मग रुद्रेश संध्याकाळी आईला फोन करून विचारी, की अप्पांचे गुडघे दुखतात का.

म्हणून कुरिअर पाठवताना रुद्रेश जे बोलला ते रुद्रय्यांना मुळीच रुचलं नव्हतं. तो म्हणाला होता, "ही एकदा बसली की कटकट मिटली, अप्पा. परत मला फोन करायचं कामच पडणार न्हाय."

पूजा उरकली. प्रसादाचे पेढे वाटून झाले, केरबा नवा सदरा मिरवत घरी गेला. उद्याच्या मुहूर्ताआधी एकदा बघून ठेवावं म्हणून रुद्रय्यांनी पेनड्राइव्ह धोतराला पुसला, संगणकाला लावला आणि मुलाला फोन केला.

"काय दिसतंय?" रुद्रेशनं विचारलं.

"काय न्हाय."

"काढून परत घाला."

"घातलो. काय न्हाय."

"दिवा लागतोय काय त्याचा?"

रुद्रय्या वाकले. दिव्याच्या जागी हळद होती.

"हळद लागलीया," ते म्हणाले. मग रुद्रेशनं सावकाश विचारलं, "अप्पा, पूजेत ठेवलासा काय त्याला?"

"मग? न ठेवता कसं चालंल?"

"पाणी घातलासा?"

"पाणी कशाला घालू? पंचामृत."

आणि रुद्रेश हसला. आधी नाकातून, मग तोंड सोडून. हे हसणं रुद्रय्यांनी चार वर्षांत ऐकलं नव्हतं. ते फोन कानाशी धरून नुसते उभे राहिले. आपल्या हातून हे चुकून झालं की मुद्दाम, हे या क्षणी त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"आता मलाच यायला लागतंय," हसणं ओसरल्यावर रुद्रेश म्हणाला. मग आवाज खाली आला. "मोनाबी येणार, अप्पा."

रत्नव्वा ताम्हण पुसत फोनकडे कान लावून होत्या. त्यांचा हात थांबला.

"पाडव्याला दुकान सकाळीच उघडतंय," रुद्रय्या म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या तोंडून याहून मोठं आवतण कुणालाच कधी मिळालेलं नव्हतं.

सकाळी रत्नव्वा डबाभर होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, घेऊन दुकानात येऊन बसल्या. रोज दुकानाकडे न फिरकणारी बायको आज का आली, हेही रुद्रय्यांनी विचारलं नाही. ते मात्र तीनदा घड्याळाकडे बघून मुहूर्त टळत असल्याचं बोलले.

"पाडव्याला दिवसभर मुहूर्तच असतोय," रत्नव्वा म्हणाल्या. "पोटातलं बोला की."

गाडी दारात लागली. रुद्रेशच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. ते बघत रुद्रय्या म्हणाले, "रस्ता बरा हाय काय?" मागून मोना आत आली, उंबऱ्यातच तीनदा शिंकली, ओढणी नाकावर बांधली आणि दोघांच्या पाया पडली. रत्नव्वांनी तिला उठवून जवळ घेतलं. रुद्रय्यांचा हात आशीर्वादाला निम्मा वर गेला आणि तिथंच राहिला.

ते खुर्चीवरून उठले. "बस," मुलाला म्हणाले. "घाल बघू तुझी विंडोज."

रुद्रेश बसला नाही. त्यानं मान खाजवली.

"अप्पा, मला न्हाय येत ते. मोना करती."

"तू इंजिनेर हाईस न्हवं?"

"मी कारखान्यात गिअर तपासतोय, अप्पा. संगणकातलं मला तुमच्याएवढंच कळतंय. ती करती."

मोना खुर्चीत बसली. पर्समधून तिनं दुसरा पेनड्राइव्ह काढला, तो लावला आणि माउस हातात घेतला. पडद्यावरचा बाण हलला. जिथं दाबायचं तिथं तो आधी दोनदा गोल फिरला, थांबला आणि मग दाबला गेला.

रुद्रय्या ते बघत राहिले.

"मागं कराचं अडकलंतं," ते मुलाला म्हणाले, "ते कुणी केलंतं?"

"मोनानं."

"आन ते बेदाण्याच्या व्यापाऱ्याचं खातं? सगळं पुसलंतं ते?"

"तेबी तिनंच. मी नुसतं फोनवर बोलायचो."

रुद्रय्यांना आठवलं, गेल्या गणपतीत बिलं छापत नव्हती. बाण पडद्यावर काम करत होता, फोन मोठ्या आवाजावर होता आणि दुकानात कुणी नव्हतं. तेव्हा रुद्रय्या एकदाच संगणक सोडून बोलले होते. "दिवाळीला एकटाच ये की. तिला काय तरी सांग आन ये." बाण जागच्या जागी थांबला होता. फोनवर रुद्रेश नुसतं "बघतो" म्हणाला. मग बाण पुन्हा हलला, बिल छापून बाहेर येईपर्यंत थांबला आणि मगच गेला. पोराला लागलं असेल, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

त्यांचे कान तापले. शेजारी बसून एवढं ऐकूनसुद्धा तिनं बिल छापून दिलं होतं. आपल्याला ते जमलं नसतं, हे त्यांना लख्ख कळलं, आणि कळल्यावर फार वाईट वाटलं. ते उगीचच ब्याडगीच्या पोत्याची शिवण चाचपत उभे राहिले.

"अप्पा," मोनानं मागे वळून विचारलं, "जुन्या नावानंच ठेवू का सगळं? तुम्हाला शोधायला सोपं जाईल."

"जुनंच ठेव म्हणावं," रुद्रय्या रुद्रेशकडे बघून म्हणाले.

बराच वेळ गेला. पडद्यावर गोल फिरत होतं. मंडळींनी होळग्या खाल्ल्या, दूध प्यायलं. मोना ओढणी जरा खाली करून एक घास घ्यायची, शिंकायची आणि परत ओढणी वर करायची. दोनदा रुद्रेशनं तिला बाहेर गाडीत बसायला सांगितलं, पण काम मधेच सोडता येत नाही म्हणून ती हलली नाही. रत्नव्वांनी कोपऱ्यातलं लवंगीचं उघडं पोतं केरबाची वाट न बघता स्वतः ओढून दाराबाहेर नेलं.

शेवटी पडदा निळा झाला आणि नवी विंडोज उघडली. हिशेबाचं सॉफ्टवेअर न कुरकुरता चालू झालं. रत्नव्वा कुंकवाची डबी घेऊन पुढे सरसावल्या. मोनानं घाईघाईनं दोन्ही हात पडद्यासमोर आडवे धरले.

"अव्वा, नको, आता याला काही लावू नका."

"त्याला न्हवं गं," रत्नव्वा म्हणाल्या आणि त्यांनी बोटभर कुंकू तिच्या कपाळाला लावलं.

मोना पुन्हा पडद्याकडे वळली आणि बराच वेळ वळूनच राहिली. मग नाक पुसून तिनं पहिलं बिल छापलं. रुद्रय्यांनी ते देवासमोर ठेवलं, वर सुपारी ठेवली आणि हात जोडले.

रत्नव्वांनी जेवायला घरी चला म्हटलं. नंतर बावड्याला मोनाच्या माहेरीही जायचं होतं. रुद्रेश गाडीची किल्ली शोधू लागला.

"झालं बघा, अप्पा," तो म्हणाला. "आता काय काळजी न्हाय."

"आन तटलं तर?"

"तटत न्हाय ही."

"तटलं तर म्हटलो."

"तर मला फोन करा की."

रुद्रय्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा वर करून तो उघडला आणि मुलाला ओलांडून मोनापुढे धरला.

"त्याचा नंबर हाय माझ्याकडं," ते तिला म्हणाले. "तुझा घाल ह्यात."