आधी मजकूर, मग सही

कोलशेतच्या देवळात बारा माणसं मांडी घालून बसलेली आणि सखुबाई खांबाला टेकून. या बारा जणांना उत्तराबाईंनी ‘नागरिक ज्यूरी’ असं नाव दिलेलं. कळव्याच्या या बाई कायदा शिकवून रिटायर झालेल्या. बोलायच्या थोडं, पण मुद्द्याचं. सरकारी वकिलाने खटल्यात लबाडी केली का, हे बारा साध्या माणसांनी ऐकायचं, ठरवायचं आणि कोर्टात लिहून द्यायचं.

वकील कोण, तर गावचाच सर्वेश. आणि आत कोण, तर सखुबाईचा देवेश. कंपनीतली तांब्याची वायर म्हणे त्याच्या घरात सापडली! चौदा महिने पोरगा कल्याणच्या तुरुंगात, आणि सोमवारी निकाल. झडतीला पंच म्हणून सही होती शेजारच्या धाकूची. झडतीच्या दिवशी सखुबाई सकाळपासून दारातच सुकट निवडत बसलेली. धाकूने तिचा उंबरा ओलांडलाच नव्हता. पण आईच्या शब्दाला कोर्टात विचारतो कोण?

“सर्वेशला वाळीत टाका!” बारा जणांच्या मागून ओरडला तो धाकूच. “लग्नाला नाय, मयताला नाय. गावकीचा दंडच हाय तो!”

माना डोलल्या. दोघं-तिघं तर उठलेच.

“खाली बसा,” उत्तराबाई म्हणाल्या. “वाळीत टाकणं गुन्हा आहे. उद्या तुम्ही आरोपी आणि सर्वेश फिर्यादी. शिक्षा करणं आपल्या हातात नाही. आपण लिहून द्यायचं, तेही पुराव्यासकट.”

“मंग या ज्यूरीला दातच नायत,” धाकू म्हणाला.

“दात नसू दे, तोंड तर हाय ना!” सखुबाई उठली. मेला एवढा का ओरडतोय, ते तिला आत्ता उमगलं. वाळीत अख्खा गाव टाकतो, त्यात एकट्याला उठून खरं बोलावं लागत नाही. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. “भावजी, देवेश तुमच्या मांडीवर वाढला. देवासमोर सांगा, त्या दिवशी माझ्या घरात आलेलात तुमी?”

धाकूचा चेहरा पडला. “नाय, वयनी. चौकीत बोलावलेलं. कागद कोरा व्हता, मी सही केली. साक्षीच्या आदी सर्वेशला समदं सांगितलेलं. तो बोलला, लिवलंय तसंच बोल, नायतर तूच आत जाशील.”

उत्तराबाईंनी पिशवीतून कागद-पेन काढला.

“हे लिहून द्याल?” उत्तराबाईंनी विचारलं. “खोटी साक्ष दिलीत म्हणून तुमच्यावरही केस होऊ शकते. हे मी आधीच सांगते.”

धाकूने दाराकडे पाहिलं. सखुबाईने हात जोडले नाहीत, की डोळ्यांना पदर लावला नाही. जायचंय तर जा म्हणावं. सोमवारी ती एकटी जाऊन कोर्टात बोंब मारणार होती. पण तिची नजर काही त्याच्यावरून हलली नाही.

धाकू पुढे आला. उत्तराबाईंच्या हातातला कागद-पेन घेतला आणि, सवय म्हणा, शरम म्हणा, कोऱ्या कागदाच्या तळाशी झटकन सही ठोकून मोकळा झाला.

सखुबाईने तो कागद उचलला, टराटरा फाडला आणि त्याच्यासमोर दुसरा ठेवला.

“आदी लिवा, भावजी. सही मंग.”

धाकू खाली बसला. बाराही जण जवळ सरकले. त्याने पहिली ओळ लिहिली: ‘त्या दिवशी मी देवेशच्या घरात गेलोच नव्हतो.’