साय धरलेला मासा

बुऱ्हाणपूरच्या त्या कचेरीत नकाशे काढणारे दोघंच होते, वामन आणि प्रभाकर. टेबलं समोरासमोर, दुपारचा डबा एकत्र, आणि दहा वर्षांत भांडण म्हणाल तर खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावरच. मग छप्पन साली चार राज्यांची मोट बांधून नवा मध्यप्रदेश झाला, सगळ्या नोकरांच्या याद्या एकात मिसळल्या आणि पुढच्या पावसाळ्यात वरून कागद आला. बुऱ्हाणपुरात नकाशेवाला एकच राहील, दुसरा रीव्याला जाईल. रीवा कुठे आहे ते दोघांनी भिंतीवरच्या नकाशात शोधून पाहिलं.

वामनची बायको शारदा गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवायची. तिची नोकरी नगरपालिकेची, ती काही रीव्याला जाणार नव्हती, आणि एकाच्या पगारात दोघांचं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं भागणार नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून चहा घेत, एवढंच त्यांचं ऐश्वर्य. तेही आता सरकारला बघवेना.

कोणाला ठेवायचं हे नवे साहेब ठरवणार होते. साहेब ग्वाल्हेरकडचे, बोलायला गोड आणि गळ टाकून मासे धरण्याचे वेडे. तपासणीच्या नावाखाली यायचे आणि तापीच्या डोहावर जाऊन बसायचे. त्यांच्याकडे विलायती लाकडी मासे होते. पोटाला गळ लावलेला असा खोटा मासा पाण्यातून ओढत नेला की खरा मोठा मासा त्याच्यावर झडप घालतो आणि फसतो. साहेबांचे हे लाकडी मासे आता झिजून गेले होते आणि परदेशातून नवे मिळेनात. साहेब कचेरीत हळहळले तेव्हा वामन पटकन म्हणाला, "साहेब, मी बनवून देतो."

हे तो प्रभाकरसमोर बोलला. माणूस इतका सरळ असू नये.

पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे सहा मासे त्याने आठवड्यात कोरले. रंगासाठी त्याच्याकडे हवेचा ब्रश होता, सत्तेचाळीस साली एका गोऱ्या इंजिनिअरने जाताना विकून टाकलेल्या सामानातला. पायपंपाने लॉरीच्या ट्यूबमध्ये हवा भरायची, नळी ब्रशला जोडायची, की रंग धुक्यासारखा बारीक उडतो. पाठीला हिरवा, पोटाला चांदी, आणि मच्छरदाणीचा तुकडा ताणून त्यावरून फवारलं की खवले आपोआप उमटतात. ते खवले पाहून शारदासुद्धा हातातलं काम टाकून जवळ आली होती.

घोडं अडलं ते शेवटच्या लॅकरवर, म्हणजे वरून द्यायच्या चकचकीत रोगणावर. श्रावणातली ती हवा, भिंतींना ओल, मिठाला पाणी सुटलेलं. लॅकर फवारलं की दोन मिनिटं मासा काचेसारखा चमकायचा आणि बघता बघता त्याच्यावर दुधाची साय धरल्यासारखा पांढरटपणा चढायचा. खवले आत बुडून जायचे. वामनने नळीत कापूस कोंबून हवेतलं पाणी अडवलं, तरी साय आलीच. खोली गरम करावी म्हणून शेगडी पेटवली, तर रंग पातळ करायच्या थिनरचा वास येताच शारदा धावत आली आणि शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवली.

"घर जाळून राहता का? अहो, आहेत तसे देऊन टाका. माशाला काय कळतं रंगाचं?"

"साहेबाला कळतं ना. असलं काम माझ्या हातून बाहेर जात नाही."

"पण उशीर झाला तर?"

वामनने पुन्हा ब्रश उचलला. नकाशावर शाईचा एक ठिपका सांडला तरी तो पूर्ण कागद पुन्हा काढायचा. या खोडीचा त्याला अभिमान होता, आणि कचेरीत सगळे त्याबद्दल त्याचं कौतुक करत. कौतुकाला काय जातं.

सहाही मासे पांढरे पडले. एका रविवारी प्रभाकर आपल्या पाच वर्षांच्या उषाला घेऊन घरी आला. पोरीने एक मासा उचलला तो सोडेना.

"घेऊन जा," वामन म्हणाला. "बिघडलेलाच आहे. गळ काढून देतो, पोरीला लागेल."

उरलेले पाच त्याने काचकागदाने घासले. पांढरी पूड वर्तमानपत्रावर पडली, ती त्याने बाहेर झटकली आणि ऊन पडायची वाट पाहत बसला.

पोळ्याच्या सुट्टीला साहेब आले. तापीचं पाणी अजून गढूळ होतं. वामनकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून तो गेलाच नाही. पोळ्यानंतर चौथ्या दिवशी आभाळ उघडलं. कडक ऊन, कोरडा वारा. वामनने पाचही मासे पुन्हा रंगवले आणि लॅकर असं बसलं की त्यात तोंड दिसावं. साहेबांचा मुक्काम अजून डाकबंगल्यावर होता; ते मासे रुमालात गुंडाळून तो तिथे गेला.

साहेबांनी एकेक मासा उजेडात धरून पाहिला. "वाह. ये तो बैठक में सजाने की चीज है." मग हसून खिशातून एक मासा काढला. पांढरट, खवले बुडालेला, पोटाला नवे गळ लावलेला. "लेकिन नदी का मासा इसको मांगता है. पोळे के दिन, उस मैले पानी में, इसी पर बारह सेर का आया. तुम्हारे प्रभाकर ने बनाया है. उससे सीख लो."

वामन पुढे सरकला. "साहेब, तो माझा आहे. बिघडला म्हणून मी..."

"बिघडा हुआ?" साहेबांना गंमत वाटली. "तो ठीक है. सोमवार तक ऐसा एक बिगाड़ के ले आओ."

महिनाभर ज्या उन्हासाठी देवाला हात जोडले, ते आता जाता जाईना. वामनने खोलीत ओली धोतरं टांगली, कपाटामागच्या भिंतीवर पाणी मारलं, अंगणात हंडे उकळून आत आणून ठेवले. शारदा या वेळी नुसती पाणी आणत राहिली. लॅकरवर थेंबांचे डाग पडले, फोड आले, एका माशाची पाठ कोड फुटल्यासारखी झाली. ती एकसारखी साय मात्र आली नाही. तसे पाच मासे होते, अगदी तसे, आणि ती साय आपल्याच हातांनी घासून अंगणात झटकली, हे आठवून त्याला स्वतःचे हात नकोसे झाले.

सोमवारी हुकूम निघाला. प्रभाकर बुऱ्हाणपूर, वामन रीवा.

प्रभाकरने टेबलावरून मान वर केली नाही. "तू तर टाकून दिला होता, वामन. मी उचलला, त्यात काय गलत केलं?"

"माझा आहे म्हणून सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर मी गेलो असतो." एवढं खरं तो बोलला. त्याचाच वामनला जास्त राग आला.

निघायच्या दिवशी स्टेशनावर पोचवायला शारदा होती, आणि हार घेऊन प्रभाकरही आला होता, उषाला बरोबर घेऊन. गाडीला वेळ होता. शारदा प्रभाकरकडे पाठ करून सामान मोजत बसली. प्रभाकर इकडेतिकडे पाहत अखेर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब आणखी दोन मागून राहिले. ती साय तू कशी आणली होती?"

"आणली नव्हती. आली होती."

"जाता जाता तरी लपवू नको यार."

वामनने मान फिरवली. उषा त्याच्या धोतराचा सोगा ओढत होती. "काका, माझा मासा बाबांनी घेऊन टाकला. दुसरा द्या ना."

उन्हात रंगवलेल्या पाचांतला शिल्लक राहिलेला एक मासा त्याने पिशवीतून काढला. हिरवी पाठ, चांदीचं पोट, एकेक खवला मोजून घ्यावा असा. आयुष्यात याहून चांगलं काम त्याच्या हातून झालं नव्हतं. गळ काढून त्याने तो पोरीच्या हातात ठेवला.

उषाने तो उलटापालटा करून पाहिला आणि परत केला.

"हा नको. तो पांढरा होता तसा द्या."

शारदाने तोंडाला पदर लावला. गाडी येऊन उभी राहिली, आणि वामन तो मासा हातात तसाच धरून डब्यात चढला.