शीलाची अट

निकालाचा मसुदा वाचता वाचता न्यायमूर्तीबाईंच्या कपाळावरची शीर ताडताड उडू लागली. मसुदा थोरल्या न्यायमूर्तींनी लिहिला होता. दोघांच्या खंडपीठापुढे खटला चालला होता आणि आता फक्त बाईंची सही बाकी होती.

खटला साधा होता. एका नर्सचा नवरा वारला. ती रात्रपाळीहून परतायची तेव्हा कधीकधी रुग्णालयाचा ड्रायव्हर तिला दारापर्यंत सोडायचा. दिराच्या जिभेला हाड नव्हतं. तेवढ्यावरून त्याने चारचौघांत तिची बदनामी केली आणि एक दिवस दाराचं कुलूप बदलून टाकलं. ती कोर्टात आली. कायदा सांगत होता की विधवेला नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क आहे. पुढे पूर्णविराम. थोरल्यांनी तो पूर्णविराम पुसून लिहिलं होतं, 'शील सांभाळून राहिल्यास'.

बाईंना कायदा त्यांनीच शिकवला होता. न्यायाधीशाने कायद्याच्या तोंडी स्वतःचे शब्द घालू नयेत, बदल हवा तर तो लोकांनी निवडून दिलेल्यांनी करावा, असं ते सांगायचे. सुधारणेच्या नावाखाली कायदा ताणणाऱ्यांची वर्गात सालटी काढायचे. बाईंनी ते वेदवाक्य मानलं होतं. अजूनही मानत होत्या. म्हणूनच तर तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मसुदा घेऊन त्या थोरल्यांच्या दालनात गेल्या.

"सर, ही अट कायद्यात कुठे आहे?"

"परंपरेत आहे. हा हक्क धर्मशास्त्रातूनच आला ना? मुळं तोडून झाड कसं जगेल? मी संस्कृत उतारा दिलाय, वाच."

"वाचला. ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्या टीकाकाराने तो खोडून काढण्यासाठी मांडलाय. तो पूर्वपक्ष आहे, समोरच्याचं म्हणणं. पान उलटलं असतंत तर त्याचं उत्तरही दिसलं असतं. अशी अट नाही, असं तो स्पष्ट म्हणतो."

थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. "टीकाकार पुष्कळ आहेत, बाळ. समाजही बघावा लागतो."

"समाज नाही, शब्द बघायचा, हे तुम्हीच शिकवलंत. आणि ते टीकाकार निदान उघड भांडायचे. तुम्ही स्वतःचं मत त्यांच्या नावावर खपवताय."

"सही करणार आहेस की नाही?"

"नाही."

बाईंनी वेगळा निकाल लिहिला. मतं फुटल्यामुळे खटला तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेला. तोवर नर्स एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात अंथरूण टाकून राहिली.

तिसऱ्यांनी बाईंची बाजू घेतली. कोर्टाच्या माणसाने कुलूप तोडलं, तेव्हा दिराने तिच्या खोलीत छतापर्यंत भंगार कोंबलेलं निघालं. मदतीला कोणी पुढे आलं नाही. नर्सने ते एकटीने बाहेर काढलं, हात धुतले आणि कामावर गेली.

बाईंना हे कळलं त्याच दिवशी जिन्यात थोरले भेटले. हसून म्हणाले, "अभिनंदन. जिंकलीस की."

"मी पक्षकार नव्हते, सर."

"अजून रागावली आहेस?"

"हो," बाई म्हणाल्या. पुढच्या खटल्याचा पुकारा झाला होता. कठड्यावरची मूठ सोडून त्या वर चढू लागल्या.