लांब नावाची खुर्ची

"खुर्ची माही हाये," जयवंताबाई म्हणाल्या.

"आधी म्हणून दाखवा," नागोरावकाका म्हणाले.

"स्प्ले-नो-मे-गॅ-ली." तेही तोंडात एकही दात नसताना.

"अर्थ?"

"पाणथरी सुजली." बाईंनी डाव्या बरगडीखाली, प्लीहेवर हात ठेवला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंना खुर्ची मिळाली, चहा मिळाला.

आदिलाबादच्या औषधदुकानात तीस वर्षं काढून काकांनी भीमपुरात सरकी-ढेपेचं दुकान टाकलं. दर सोमवारी गाव रिपोर्ट घेऊन तिथं जमतं. आपल्या आजाराचं नाव नीट म्हणता आल्याशिवाय हैदराबादच्या डॉक्टरकडं जायचं नाही, हा काकांचा नियम. रिक्षावाल्याला तिथल्या दवाखान्यांचा भाग 'एर्रागड्डा'ही नीट सांगता आलं पाहिजे. तेलुगूत एर्र म्हणजे लाल, हे काका दोन्ही र दाढेखाली धरून सांगतात. ज्याचं नाव सगळ्यात लांब, त्याला खुर्ची. महिपतला मागच्या सोमवारी नुसते गॅसेस निघाले. दोन दिवस तो कोणाला तोंड दाखवत नव्हता.

काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "आज माहाबी हाये."

बाकावरचे सगळे उठून उभे राहिले.

"प्रेस-बाय-क्यू-सिस."

महिपतनं बोटं मोजली. "चारच तुकडे. बाईचे पाच."

जयवंताबाईंनी तरी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"अर्थ, बाबा?" गल्ल्यावरून उत्कर्षानं विचारलं. तिनं हात हलवून पुन्हा विचारलं, तेव्हा काकांनी तिच्याकडं पाहिलं.

"वयानं कान जाणं. दोन्ही." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "चार महिन्यांपासून मले तुमचे उच्चार समजत नाही. अंदाजानं बरोबर म्हणून राह्यलो. आता सोमवारी येत नका जाऊ."

चार महिन्यांत कोण कोण काय काय म्हणत हैदराबादला गेलं असेल, याचा हिशोब लागेना. महिपतच्या चेहऱ्यावर मात्र आशा फुलली.

"मंग माहे गॅसेस बी चुकीचे असतीन?"

"गॅसेसच हायेत," काका म्हणाले.

"आयकू नाही येत तं कसं समजलं, काय इचारलं थे?" महिपतनं विचारलं.

"तोंडावरून समजते तेवढं."

जयवंताबाई उठल्या. खुर्ची ओढत दारातल्या उजेडात नेली, काकांना दंडाला धरून तिच्यात बसवलं आणि समोर उभ्या राहिल्या. त्यांच्यामागं आपोआप रांग लागली. रांगेत पहिला महिपत, गॅसेस घेऊन.

बाईंनी बोळकं उघडलं आणि एक एक तुकडा सावकाश, आवाज न करता म्हटला.

काका डोळे बारीक करून पुढं वाकले.

"गॅ मोठा करा," ते म्हणाले. "पुन्हा."